माउथवॉशने हिरडीच्या पेशी मरतात का?

प्रश्न : विषाणूंवर चालणारा म्हणून एक माउथवॉश मी रोज वापरते. त्यातलं सीपीसी प्रयोगशाळेत हिरडीच्या पेशी मारतं, असं वाचनात आलं. बंद करू का?

उत्तर : ताई, वाचलंत ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. सीपीसी म्हणजे सेटिलपायरिडिनियम क्लोराइड. काही विषाणूंभोवती स्निग्ध पदार्थांचं आवरण असतं, ते हे रसायन फोडतं. आपल्या पेशींचं आवरणही स्निग्धच, त्यामुळे मात्रा वाढली की त्यांनाही झळ बसते.

पेशीसंवर्धन हे माझं रोजचं काम. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये हिरडीच्या फायब्रोब्लास्ट (हिरडीतले तंतू बनवणाऱ्या) पेशी वाढवायच्या, त्यांवर तपासायचा घटक घालायचा, धुऊन एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकायचं. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात; सूक्ष्मदर्शकाखाली सुयांचे झुबके दिसतात. मेलेल्या पेशींचा खळगा पिवळाच राहतो. आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, घटक न घातलेल्या पेशींच्या तुलनेत जिवंतपणा ७० टक्क्यांखाली गेला की तो घटक घातक धरतात.

मेख वेळेत आहे. घटक २४ तास ठेवणं वेगळं आणि ३० सेकंदांनी धुणं वेगळं. चूळ आपण अर्धा-एक मिनिटच भरतो. शिवाय तोंडात लाळ असते आणि या पेशी अस्तराच्या थरांखाली असतात. प्लेटमध्ये त्या उघड्या पडतात. उलट, पेशींच्या खाद्यात सीरम (रक्तातला पातळ, पेशीविरहित भाग) असलं की त्यातली प्रथिनं घटकाला धरून ठेवतात आणि तो आहे त्यापेक्षा सौम्य भासतो. मात्रा, वेळ आणि सीरम सांगितल्याशिवाय ‘पेशी मेल्या’ या वाक्याला मी किंमत देत नाही.

‘विषाणू मेला’ या दाव्यालाही हाच निकष. विषाणू उरला का हे जिवंत पेशींवरच बघतात. प्लेटमध्ये राहिलेल्या माउथवॉशनेच त्या मेल्या, तर मारलं कुणी हे कसं कळणार? म्हणून आधी माउथवॉशचा प्रभाव काढून टाकावा लागतो. आणि प्लेटमध्ये विषाणू मेला म्हणजे तुम्हाला संसर्ग होणार नाही, असंही नाही.

तेव्हा लगेच बंद करायची गरज नाही. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घ्या, तेवढाच वेळ ठेवा, गिळू नका. जळजळ झाली किंवा तोंडाची साल निघू लागली तर थांबा आणि दंतवैद्यांना दाखवा. माउथवॉशमध्ये क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असेल तर त्यांनी सांगितलेल्या दिवसांपुरतंच. लांबवलं की दातांवर तपकिरी डाग पडतात. तोंडात जखम किंवा टाके असतील तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय कुठलाच माउथवॉश वापरू नका. तिथे अस्तर फाटलेलं असतं आणि खालच्या पेशी प्लेटमधल्यासारख्याच उघड्या असतात.