डेंग्यूचा रिपोर्ट वाचताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलाच्या तापाच्या दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. एनएस१ पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह, सीआरपी १२. मग डेंग्यू आहे की नाही?

उत्तर: डेंग्यू आहे असेच धरून चाला. एनएस१ हे विषाणूचे स्वतःचे प्रथिन. ते पहिल्या दिवसापासूनच रक्तात सापडते आणि पाचव्या दिवसानंतर कमी होत जाते. आयजीएम व आयजीजी ही शरीराने बनवलेली प्रतिपिंडे. आयजीएम साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते निगेटिव्हच असणार.

खरे लक्ष आयजीजीकडे द्या. पहिल्याच संसर्गात ते इतक्या लवकर तयार होत नाही. मुलाला पूर्वी डेंग्यू होऊन गेला असावा, कदाचित साधा ताप समजून तो अंगावर निघाला असेल. (जपानी मेंदूज्वराच्या लशीमुळेही ही चाचणी फसू शकते, तेव्हा लस घेतली असल्यास डॉक्टरांना सांगा.) डेंग्यूचे चार प्रकार आहेत. दुसऱ्या वेळी वेगळा प्रकार आला, तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात पण निष्प्रभ करत नाहीत, उलट पेशीत शिरायला मदत करतात. म्हणून दुसरा डेंग्यू गंभीर होण्याचा धोका जास्त.

दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या रुग्णात आयजीजी एनएस१ला बांधून ठेवते आणि झटपट चाचणीच्या किटवरची रेघ उमटतच नाही, असेही घडते. एनएस१ निगेटिव्ह आले तरी संशय असेल, तर पाचव्या दिवसानंतर एलायझा या प्रयोगशाळेतील पद्धतीने आयजीएम तपासावे.

सीआरपीचे एकक आधी बघा. १२ मिलिग्रॅम प्रति लिटर ही किरकोळ वाढ. प्रति डेसिलिटर असेल तर दहापट जास्त. हे प्रथिन यकृत बनवते, कोणत्याही दाहात वाढते. केवळ त्यावरून अँटिबायोटिक सुरू करू नये.

ताप उतरतानाचे २४ ते ४८ तास सर्वांत जोखमीचे. रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपला की अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) घटते, हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) चढते. हिमॅटोक्रिट आधीच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढणे, पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती: यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको.

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता. आता पुन्हा ताप आहे, आयजीएम पॉझिटिव्ह आहे.

उत्तर: आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहू शकते. ते जुन्या आजाराचे असू शकते. पहिल्या पाच दिवसांत असाल तर एनएस१ करा, सोबत मलेरियाही तपासून घ्या.