मोकळ्या जागेवर झाडं की घरं? गिरणगावात काय झालं ते बघा

शहरातल्या मोकळ्या जमिनीवर झाडं लावावीत की घरं बांधावीत? दोन्ही जमतं, फक्त वाटणी कशाची हे नियमात पक्कं हवं. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या जमिनींना 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 नुसार साधारण तीन वाटे होते: पालिकेला बाग-मैदानासाठी, म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची ठरली. शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून वगळली. गिरणीत शेडच जास्त, मग बागही आकसली आणि घरंही! 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली.

तुमच्या भागाच्या विकास आराखड्यावर हरकत नोंदवताना ‘खुली जागा’ जमिनीवर आहे की पोडियमवर (इमारतीच्या खालच्या मजल्यांवरच्या स्लॅबवर), हे आधी विचारा. स्लॅबवरच्या मीटरभर मातीत तगर, चाफा तगतो, वड-पिंपळ नाही. पाणीही जमिनीत मुरत नाही.