कासवाला वर्तुळ काढायला कसे शिकवावे?

प्रश्न : मी आठवीच्या वर्गाला संगणक शिकवते. पायथॉन या संगणकीय भाषेतील टर्टल (आज्ञेप्रमाणे पडद्यावर फिरत रेषा काढणारे कासव) वापरून वर्तुळ काढायला सांगितले की मुले थेट ‘सर्कल’ ही आज्ञा लिहून मोकळी होतात. त्यामागचे गणित त्यांना कळावे, यासाठी सुरुवात कोठून करावी?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ‘सर्कल’ ही आज्ञा काही तासिका वर्ज्य करावी. पडद्यावरचे हे कासव मुळात १९६७ साली तयार झालेल्या लोगो या संगणकीय भाषेच्या परंपरेतले आहे. त्या भाषेच्या निर्मात्यांपैकी सेमूर पॅपर्ट यांचा आग्रह असे की, मुलाने स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करावा. म्हणून एका मुलाला वर्गात गोल चालायला लावावे आणि तो नेमके काय करतो, ते इतरांना सांगायला लावावे. थोडे पुढे जायचे, थोडे वळायचे, एवढेच ते असते. त्यात केंद्रबिंदू कोठेच येत नाही.

यानंतर चौरसापासून आरंभ करावा. ९० अंशांची ४ वळणे, मग ६० अंशांची ६, ३० अंशांची १२, १० अंशांची ३६ असे करत गेल्यावर वळणांची बेरीज दर वेळी ३६० येते, हे मुलांच्याच लक्षात येते. खरी गंमत मात्र पुढे आहे. एक एकक पुढे आणि एक अंश उजवीकडे, असे ३६० वेळा केल्यास परीघ ३६० होतो आणि त्रिज्या सुमारे ५७.३ येते. आता १०० त्रिज्येचे वर्तुळ मागावे. परीघ सुमारे ६२८ हवा, म्हणजे ३६ वळणे ठेवल्यास प्रत्येक पाऊल सुमारे १७.४५ एककांचे हवे, हे पाठ्यपुस्तकातल्या परिघाच्या सूत्रावरून मुले स्वतः काढतात, आणि ते सूत्र त्यांना प्रथमच कामाचे वाटते. येथे घाई करू नये.

केंद्राचा घोळ हमखास होतो, कारण कासव परिघावरून निघते. उजवीकडे वळणाऱ्या कासवाचे केंद्र त्याच्या उजव्या हाताला असते. ‘सर्कल’ला धन त्रिज्या दिल्यास मात्र ते डावीकडे असते.

हे झाल्यावर ‘सर्कल’ खुशाल वापरू द्यावे, पण तेही वर्तुळ काढत नाही, हे सांगून. बाजूंची संख्या न सांगता १०० त्रिज्या दिली, तर पायथॉन २८ बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढतो. तिच्या बाजू खऱ्या वर्तुळापासून एका पिक्सेलहूनही कमी आत असल्याने डोळ्यांना ती गोल दिसते. साइन-कोसाइन वापरून बिंदू काढण्याची पद्धत नववीत त्रिकोणमिती आल्यावर शिकवणे योग्य ठरेल.

परीक्षेत ‘वर्तुळ काढा’ असे विचारू नये. त्याऐवजी ९ अंशांची ३६ वळणे घेणारा प्रोग्राम द्यावा, आणि आकृती का जुळत नाही व आणखी किती वळणे हवीत, ते विचारावे. बेरीज ३२४ होते, म्हणून उत्तर ४ आहे.