बाजार ‘क्रॅम्प्ड’ का नसतो?

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. आठवडी बाजारावर इंग्रजी निबंध लिहिताना त्याने ‘द मार्केट वॉज क्रॅम्प्ड विथ पीपल’ असं लिहिलं. सरांनी खाली लाल रेघ ओढली. शब्दकोशात तर ‘दाटीचा’ असाच अर्थ दिला आहे. मग चुकलं कुठे? आणि उच्चार ‘क्रॅम्पेड’ की ‘क्रॅम्प्ड’?
— एक पालक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : रेघ बरोबर आहे. आपण ‘दाटी’ म्हणतो तेव्हा माणसं फार आणि जागा कमी, दोन्ही त्यात येतं. इंग्रजीत ते वेगळं आहे. माणसं फार झाली की ‘क्राउडेड’, जागाच अपुरी असली की ‘क्रॅम्प्ड’. बाजार उघड्या मैदानात भरतो, म्हणून तिथे ‘क्राउडेड विथ पीपल’.

मुलाला एक खूण सांगा. मनातल्या मनात सगळी माणसं बाहेर काढायची. जागा ऐसपैस वाटली, तर ती ‘क्राउडेड’ होती. एकट्यालाही अंग चोरून बसावं लागत असेल, तर ‘क्रॅम्प्ड’. काळीपिवळीतली अगदी मागची सीट रिकामी असली तरी क्रॅम्प्डच. गुडघे समोरच्या बाकाला टेकतात. पायात गोळा येतो तो ‘क्रॅम्प’, सुताराचा शिकंजा तोही ‘क्रॅम्प’. आवळलं जाणं दोन्हीकडे आहे. गिचमिड अक्षरालाही म्हणूनच ‘क्रॅम्प्ड हँडरायटिंग’ म्हणतात. तिथे गर्दीचा संबंधच नाही. आपल्याकडे ‘घरात फार अडचण होते’ म्हणतात, त्यातली ‘अडचण’ ‘क्रॅम्प्ड’च्या सगळ्यात जवळची.

मुलाची गल्लत बहुधा ‘क्रॅम्ड’शी झाली असावी. त्यात दोन एम, पी नाही. अर्थ ठासून भरलेला, आणि पुढे ‘विथ’ चालतं. भाव वाढेल म्हणून वेचलेला कापूस मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवतात. ती खोली ‘क्रॅम्ड विथ कॉटन’. मग उरलेल्या एका खोलीत चूल, अंथरुणं आणि पाच माणसं. ते घर ‘क्रॅम्प्ड’. ‘क्रॅम्प्ड’पुढे ‘विथ’ सहसा लावू नये. जागा कमी पडते असं सांगायचं तर ‘वुई आर क्रॅम्प्ड फॉर स्पेस’. ‘कंजेस्टेड’ मात्र जिथून काही वाहायला हवं आणि तुंबलं, तिथे : रस्ता, चोंदलेलं नाक, भरलेली छाती.

उच्चाराचं म्हणाल तर दोन्ही नाही. ‘प’च्या मागे आलेल्या ई-डीचा ‘ट’ होतो, जसं ‘हेल्प्ट’. म्हणून लिहिताना आपण ‘क्रॅम्प्ड’ लिहितो, पण म्हणायचं ‘क्रॅम्प्ट’, एका दमात. ‘क्राउडेड’मध्ये मूळ शब्दच ‘ड’वर संपतो, म्हणून तिथे शेवटी ‘इड’ स्पष्ट ऐकू येतं.