टोटल लॉसची गाडी घेताय? आधी कागद, मग चेसिस, मग किंमत

अपघातात जबर नुकसान झालेल्या गाड्या विमा कंपन्या ऑनलाइन लिलावात काढतात. अशी गाडी घ्यावी का आणि घेतलीच तर कशी उभी करावी, यावर कोल्हापूर परिसरातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना आमच्या वाहन विभागाने दिलेली उत्तरे.

प्रश्न : पुढून ठोकलेल्या दोन स्विफ्ट लिलावात दिसतात. एकीवर ‘आरसीसह’ (नोंदणी प्रमाणपत्रासह) लिहिलंय, दुसरीवर ‘आरसीशिवाय’. दुसरी जवळपास निम्म्या किमतीत मिळतेय. नुकसान सारखंच दिसतं. मग स्वस्त का घेऊ नये?
*वाचक, कागल*

कारण दुसरी गाडी म्हणजे गाडी नव्हे, सुट्या भागांचा ढीग आहे. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी ती ‘टोटल लॉस’ धरते. समजा आयडीव्ही पाच लाख आणि अधिकृत वर्कशॉपचा अंदाज चार लाख. हे ८० टक्के झाले, गाडी गेली. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. गाडी रस्त्यावर येण्याजोगी राहिली नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करायची असते. ‘आरसीशिवाय’ म्हणजे अशी गाडी. एकदा रद्द झालेली आरसी तुमच्या नावावर होत नाही, गाडी कितीही चकचकीत केली तरी. इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे, सीट यांच्यासाठी ती घेतली तर ठीक; तेवढ्यासाठी किंमतही वाजवी असते.

‘आरसी असलेल्या गाडीच्या चेसिस नंबरचा तुकडा या गाडीत बसवू’ असं सुचवणारे भेटतातच. तो सरळ गुन्हा आहे. चोरीच्या गाड्या याच वाटेने कागदावर येतात. अशा माणसाकडून साधा बंपरसुद्धा घेऊ नका.

‘आरसीसह’ असलेल्या गाडीचेही कागद बोलीआधी तपासा. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नोंदणी चालू आहे का, बँकेचा बोजा आहे का, ई-चलन थकलंय का, गाडी काळ्या यादीत आहे का, हे पाहून घ्या. हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या सह्या हव्यात, कर्ज असेल तर बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ हवा, आणि गाडी एमएच-०९ (कोल्हापूर) सोडून दुसऱ्या पासिंगची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी हवी. घोडं अडतं ते शेवटी एका ओटीपीवर. हस्तांतरणाच्या वेळी मूळ मालकाच्या मोबाइलवर तो जातो, आणि विम्याचे पैसे मिळून चार-सहा महिने झालेला माणूस फोन उचलेलच याची खात्री नसते. म्हणून गाडी उचलल्यावर पहिला फोन पत्राकाम करणाऱ्या डेंटरला नको, कागदांच्या कामाला लागा. गाडी हस्तांतरित झाल्यापासून ३० दिवसांत घेणाऱ्याने आरटीओला कळवायचं असतं.

आणखी एक. चेसिस नंबर ज्या पत्र्यावर कोरलेला असतो तोच अपघातात चेपला असेल आणि कापावा लागणार असेल, तर आधी आरटीओची परवानगी, मग कटर. उलट क्रमाने केलं तर गाडी कायमची अडकते.

प्रश्न : लिलावाच्या फोटोंवरून बोली लावावी का? यार्ड पुण्याजवळ आहे.
*वाचक, जयसिंगपूर*

नाही. फोटो काढणारा काही लपवत असतो असं नाही, पण जे महाग पडतं ते फोटोत येतच नाही. बॉनेट, बंपर, हेडलाइट डोळ्यांत भरतात. त्यांचा खर्च मोजता येतो. न दिसणारी वाकलेली सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं धरणारी खालची चौकट), गिअरबॉक्सच्या घराला गेलेला तडा, स्टिअरिंग कॉलमचा दबलेला भाग आणि डॅशबोर्डमागचं तुटलेलं वायरिंग हिशेब बिघडवतात. लिलावाची अट ‘जशी आहे, जिथे आहे तशी’ अशीच असते. नंतर तक्रारीला जागा नाही.

यार्डात जाताना डेंटर बरोबर न्या. सोबत पाच मीटरचा स्टीलचा टेप, टॉर्च आणि जमिनीवर टाकायला एक पोतं. बॉनेट उघडता येत असेल तर दोन्ही लाँग मेंबर (इंजिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणारे सांगाड्याचे लांब दांडे) बघा. पुढच्या टोकाला चुण्या पडल्या असतील तर ते चालतं, ते टोक चुरगळण्यासाठीच बनवलेलं असतं. पण चुण्या मागे सस्पेन्शनच्या टॉवरपर्यंत (शॉकअपचं वरचं टोक बसतं त्या घरापर्यंत) आल्या असतील, अपरॉनचं (चाकावरच्या आतल्या पत्र्याचं) जोडसीलर फाटलं असेल किंवा फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आत आली असेल तर हात जोडा आणि पुढच्या गाडीकडे वळा. मग दरवाजे उघडा-झाका. पुढचा दरवाजा मागच्याला घासतोय, वरच्या कोपऱ्यात फट निमुळती होतेय, छतावर पिलरच्या वर बारीक लाट दिसतेय. यातलं काहीही असलं तर धक्का केबिनपर्यंत पोचला आहे.

आता टेप. डाव्या सस्पेन्शन टॉवरच्या बोल्टपासून उजव्या रेडिएटर सपोर्टच्या बोल्टपर्यंत तिरकं मोजा, मग उजवीकडून डावीकडे. बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत, टेप ताणून, दोनदा. फरक ३ मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक. १०-१५ मिलिमीटर असेल तर गाडी बाजूला वळली आहे आणि सांगाडा ओढणाऱ्या पुलिंग मशीनशिवाय सरळ होणार नाही. मग स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर, मोजा. २०१८ नंतरच्या स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर आहे. एका बाजूला तो २० ने कमी भरला तर चाक धरणारा लोअर आर्म वाकलाय की सबफ्रेम सरकलीय की बॉडीच आखडलीय, हे खाली वाकून बघितल्याशिवाय बोली लावू नका. पोतं त्यासाठीच.

एअरबॅग फुटल्या आहेत का, किती फुटल्या, हेही लिहून घ्या. खर्चाचं ते वेगळं पान आहे, पुढे येतंच.

हिशेबात फ्लॅटबेडचं भाडं, लिलावाचं शुल्क आणि कर, मुदतीत गाडी न उचलल्यास लागणारं यार्डाचं भाडं आणि हस्तांतरणाचा खर्च धरा. आमचा ठोकताळा असा : दिसणाऱ्या नुकसानीचा अंदाज काढा, त्यावर किमान ३० टक्के न दिसणाऱ्याचे ठेवा, आणि एवढं करून बोलीसह सगळी बेरीज त्याच वर्षाच्या बिनअपघाती गाडीच्या बाजारभावाच्या ७० टक्क्यांवर गेली तर सोडून द्या. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

प्रश्न : आमचे डेंटर म्हणतात, लाँग मेंबर गॅसने तापवून सरळ होतो, वर जाड पट्टी मारली की कंपनीपेक्षा मजबूत. पिलरही ठोकून देतो म्हणतात. बरोबर आहे का?
*वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर*

उद्यमनगरात लोखंडाचं काम करणाऱ्यांना हे समजावणं सोपं आहे, कारण तापवल्यावर पोलादाचं काय होतं ते तिथे रोज दिसतं. हल्लीच्या गाड्यांच्या सांगाड्यात साधा पत्रा कमी आणि उच्च ताकदीचं पोलाद जास्त असतं. त्याची ताकद कारखान्यातल्या ठरावीक तापमानाच्या प्रक्रियेतून आलेली असते. गॅसच्या ज्योतीखाली ते लाल झालं की ती ताकद गेली. पत्रा सरळ दिसतो, पण पुढच्या धडकेत तिथेच दुमडतो. बी-पिलरसारखे (दोन दरवाजांमधला खांब) भाग पुष्कळ मॉडेलांत याहूनही कडक पोलादाचे असतात; ते ना तापवायचे, ना ठोकायचे. वाकला तर बदलायचा, तोही कंपनीने दाखवलेल्या जोडावरच.

जाड पट्टीची कल्पना तर त्याहून वाईट. लाँग मेंबरच्या पुढच्या भागात ज्या खाचा, भोकं, दाबलेल्या रेघा दिसतात त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, धडकेत पत्रा तिथे घडी पडून जोर खाईल म्हणून. त्यावर पट्टी मारली की तो भाग घडी पडायला नकार देतो आणि जोर केबिनमध्ये जातो. एअरबॅग कोणत्या क्षणी फुटावी याचा हिशेबही त्याच घडीवर बसवलेला असतो.

काम कसं व्हावं ते सांगतो. बॅटरीची तार काढा, वेल्डिंगच्या जवळचे ईसीयू (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचे डबे) सोडवा. गाडी बेंचवर (सांगाडा सरळ करायच्या चौकटीवर) क्लॅम्प करून थंड अवस्थेतच, थोडं थोडं, अपघाताच्या उलट दिशेने ओढा. प्रत्येक ओढीनंतर मोजा, आणि इंजिन-सबफ्रेमचे बोल्ट जोर न लावता बसतात का बघा. माप आलं की मगच खराब मेंबर काढा. आधी कापला तर ओढायला आधारच राहत नाही. कंपनीचे स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवा, छिन्नीने नको. नव्या भागावर ८ मिलिमीटरची भोकं पाडून सीओटू वेल्डिंगने, ०.८ मिलिमीटरच्या तारेने ती भरा. भोकांची संख्या जुन्या स्पॉटपेक्षा कमी नको. जोडाच्या आतल्या बाजूला वेल्डिंग चालणारा झिंक प्रायमर, नंतर जोड बंद करणारा सीम सीलर, आणि पोकळीत गंज रोखणारं कॅव्हिटी वॅक्स. हा शेवटचा भाग हमखास गाळला जातो. गगनबावड्याच्या पावसात जाणारी गाडी मग दोन-तीन वर्षांत आतून गंजते आणि बाहेरून कळत नाही.

प्रश्न : दोन्ही एअरबॅग फुटल्या आहेत. नवं सगळं फार महाग पडतंय. एक जण जुन्या एअरबॅग बसवून दिवा बंद करून देतो म्हणतो.
*वाचक, गडहिंग्लज*

‘दिवा बंद करून देतो’ म्हणजे काय करतो ते ऐका. एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर जोडतो, की मॉड्यूलला वाटतं एअरबॅग आहे. वर नुसतं झाकण. किंवा मीटरमधला दिवाच काढतो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो काढलाय. लागून विझला तरी रेझिस्टर असू शकतो, त्यामुळे जुनी गाडी घेताना हे एवढ्यावर ओळखता येत नाही. झाकणाचा रंग आणि डॅशबोर्डचा जोड बघा, दोन बाजूंचा पोत वेगळा दिसतो.

जुन्या एअरबॅगचा पूर्वेतिहास कुणाला माहीत नसतो. पुरात भिजलेली आहे की यार्डात उन्हात पडलेली, फुटेल की नाही, हे तपासायचा मार्ग म्हणजे ती फोडणं. आमचं मत स्पष्ट आहे : ज्याला एअरबॅगचा खर्च परवडत नाही त्याने एअरबॅग फुटलेली गाडी घेऊ नये.

यादी अशी धरा : फुटलेल्या एअरबॅग, पुढच्या सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (पट्टा ओढून घट्ट करणारे; धडकेत ते आखडतात, पट्टा बाहेर यायचा थांबतो), एअरबॅग कंट्रोल मॉड्यूल, पुढचे धडक सेन्सर, स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगमधल्या एअरबॅगला तार जोडणारी) आणि प्रवासी बाजूचा डॅशबोर्ड. मॉड्यूलमध्ये अपघाताची नोंद अडकून बसते. ती पुसून देणारे आहेत, पण नवा मॉड्यूल घ्या. काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच, बिल घेऊन. आणि कुणीही हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून किमान दहा मिनिटं थांबायचं, कारण मॉड्यूलच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. एअरबॅगच्या तारांना मल्टिमीटर लावायचा नाही, फुटू शकते.

प्रश्न : पुरात बुडालेली गाडी ठोकलेल्या गाडीपेक्षा बरी ना? पत्रा तर सरळ असतो.
*वाचक, शिरोळ*

उलट. ठोकलेल्या गाडीचं नुकसान एका जागी असतं, बुडालेलीचं सगळीकडे, आणि ते महिन्यामहिन्याने बाहेर पडतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर अशा पुष्कळ गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. ओळखायचं असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला गाळाची आडवी रेघ राहते. कार्पेटची कड उचलून फोम हाताने दाबा. सीटखालचे कनेक्टर सोडवा, पिनांवर हिरवट थर आला असेल तर वायरिंग गेलं. पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलेली गाडी कोणत्याही किमतीला घेऊ नका.

पाणी फक्त फ्लोअरपर्यंत होतं असं ठरलं, तर स्टार्टर मारू नका. आधी तेलाची दांडी बघा. तेल दुधाळ असेल तर काढून टाका. प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दहा हजारांचं काम लाखाच्या घरात जातं.

प्रश्न : पेंटिंग पावसाळ्यात केलं तर चालेल का?
*वाचक, कोल्हापूर*

बंद बूथ आणि हीटर असेल तरच. जुलैतल्या ओल्या हवेत वरचा पारदर्शक क्लिअर कोट पांढुरका पडतो. त्याहून मोठी चूक पुट्टीत होते : पुट्टी पाणी शोषते, म्हणून उघड्या पुट्टीवर पाणी पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) मारायचा नाही, कोरडाच घासायचा. आधी ८०, मग १८०, शेवटी ३२० नंबर. मग टू-के (हार्डनर मिसळलेला) प्रायमर, आणि पाणी पेपर त्यावर. नाहीतर सहा महिन्यांत फोड येतात. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल तर पत्रा अजून नीट निघालेला नाही.

प्रश्न : अशा गाडीला विमा मिळतो का?
*वाचक, इचलकरंजी*

थर्ड पार्टी सक्तीचाच आहे. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यासाठी कंपनी आधी गाडी तपासते. दुरुस्तीआधीचे, पुलिंगच्या वेळचे, वेल्डिंगनंतरचे फोटो आणि सुट्या भागांची बिलं जपून ठेवा. गाडीचा टोटल लॉस झाला होता हे लपवू नका. पुढे क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही.

तपासणीला नेण्याआधी फोर व्हील अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट काढा. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये (चाकाच्या आत-बाहेर झुकावात) अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक राहिला तर गाडी एका बाजूला ओढते, आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) सेट करून ते झाकलं तर टायर आतून खातात. रिपोर्टवर मागच्या चाकांचा थ्रस्ट अँगलही (ती गाडीच्या मधल्या रेषेपासून किती तिरकी चालतात ते) बघा. तो शून्याजवळ नसेल तर गाडी पुन्हा बेंचवर चढवा.