रीफ टँकच्या (कोरल ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकच्या) काचेवर आणि कोरलवर तांबूस चपटे किडे दिसतायत. हे कोणते, आणि कोणता मासा आणला तर जातील?

मासा आणायची घाई करू नका. आधी किडा नीट बघा. गंजासारखा रंग, काही मिलिमीटर लांबी, शेपटीला तीन टोकं आणि उजेड पडेल तिथे गर्दी, असं असेल तर तो कॉन्व्हॉल्युट्रिलोबा. सगळे ज्याला रेड प्लॅनेरिया म्हणतात तोच. त्याच्या अंगात शैवाल असतं, म्हणून त्याला उजेड लागतो. तो कोरल कुरतडत नाही, पण कोरलवर थर धरून प्रकाश अडवतो.

खरा धोका वेगळाच आहे. त्याच्या अंगात विष असतं आणि किडे एकदम मेले की ते सगळं पाण्यात उतरतं. यावरून माझा एका मित्राशी जुना वाद आहे. त्याच्या टँकमध्ये काच दिसत नव्हती इतके किडे झाले होते. मी म्हटलं, आधी सायफनने उपस, मग औषध टाक. तो म्हणाला, औषध आहे तर हाताने कशाला उपसायचं? बाटलीवर लिहिलेला डोस मोजून टाकला आणि गडी झोपायला गेला. सकाळी पाणी तांबूस झालेलं, जवळजवळ सगळे मासे गेलेले. घरात ना विष शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन, ना पाणी बदलायला तयार खारं पाणी. आजही तो म्हणतो औषधच वाईट होतं.

त्याने दिलेल्या फ्रॅगवरून, म्हणजे कोरलच्या तुकड्यावरून, तेच किडे माझ्याकडे आले. दिवे लागले की किडे उजेडात येतात. तेव्हा बारीक नळीने ओढून घ्यायचे, पाणी गाळून परत टाकायचं, हे मी शोधूनही किडे मिळेनात तोवर रोज केलं. मग औषध टाकलं, तेच औषध. किडे आकसून सुटायला लागले तसे ओढत राहिलो, लगेच ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावला आणि आधीच करून ठेवलेल्या पाण्याने मोठा बदल केला. एकही मासा गेला नाही. यावर मित्राचं म्हणणं, तुझ्याकडे किडेच कमी होते. अरे, कमी होते कारण मी उपसले होते! डोस टँकच्या लिटरवर ठरतो, विष किड्यांच्या संख्येवर. बाटलीवरच्या आकड्याला तुमच्या खडकाच्या मागे किती किडे आहेत हे कळत नाही. कोणी ‘सरळ टाकून मोकळा हो’ म्हणालं तर त्याला एवढंच विचारा, खडकामागे किडे किती आहेत?

माशाचं विचारलंत म्हणून सांगतो. सिक्स लाइन रास हा मासा कुणाकडे किडे खातो, कुणाकडे ढुंकूनही बघत नाही, आणि मोठा झाला की नव्या माशांना छळतो. चेलिडोनुरा व्हेरियन्स ही काळी-निळी समुद्री गोगलगाय मात्र हेच किडे खाते. किडे संपले की ती उपाशी मरते, म्हणून पुढे कुणाला द्यायची ते आधी ठरवा. ती आत ओढली जाऊ नये म्हणून पंपांच्या तोंडाला जाळीही लावा.

हो, आणि किडे पांढरट, पारदर्शक असतील आणि काचेवर थोडेसेच फिरत असतील तर बहुधा निरुपद्रवी आहेत, राहू द्या.

ॲक्रोपोरावर (फांद्यांच्या कोरलवर) गोल फिकट डाग पडत असतील तर मात्र वरचं सगळं विसरा. तो ॲक्रोपोरा खाणारा वेगळाच फ्लॅटवर्म (चपटा किडा) आहे. तो कोरलच्याच रंगात मिसळून जातो, त्यामुळे बघून सापडत नाही. कोरलची काडी बाहेर काढून डिप करा, म्हणजे औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा, आणि पिचकारीने जोरात पाणी मारा, मग खाली पडलेले दिसतील. डिपने अंडी मरत नाहीत, म्हणून काही आठवडे दर आठवड्याला पुन्हा डिप करावं लागतं. अंडी बुडाशी, मेलेल्या उघड्या भागावर तपकिरी ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात. तेवढा बुडखा तोडून फेका आणि वरची निरोगी काडी नव्या प्लगवर (कोरल चिकटवायच्या छोट्या बैठकीवर) लावा.