निपाणीत दहा वर्षं शिलाई क्लास चालवते, ब्लाऊज कटिंगचा ऑनलाईन कोर्स काढायचा आहे, तीस व्हिडिओंची यादी पण तयार आहे. कुठला कॅमेरा घेऊ आणि सुरुवात कुठून करू?

ताई, कॅमेरा आत्ता काहीच घेऊ नका, हातात आहे तो मोबाईल पुरतो. तुम्ही लिहिलंय की दहा वर्षं क्लास चालवताय आणि तीस व्हिडिओंची यादी पण तयार आहे, तर ती यादी आधी बाजूला ठेवा असं मी म्हणेन, का ते सांगतो.

मी बेळगावात उद्यमबागला टर्नर आहे, म्हणजे लेथ मशीनवर धातूचं काम फिरवून कापतो, आयटीआय करून आलेल्या पोरांना मायक्रोमीटर, व्हर्नियर ही बारीक मापाची साधनं आणि लेथ शिकवतो आणि गेली चार वर्षं त्याचे व्हिडिओ पण करतो. पहिल्या वर्षी मी पण यादीवरूनच सुरुवात केली, पुस्तकाच्या क्रमानं, आधी एककं मग मायक्रोमीटरचे भाग मग त्याचे प्रकार, असे बावीस व्हिडिओ झाले. सगळं झाल्यावर पाच पोरांना दाखवले आणि हातात मायक्रोमीटर आणि एक पिन दिली. माप होतं 7.78 मिलिमीटर, तिघांनी लिहिलं 7.28. थिंबल, म्हणजे मायक्रोमीटरचा फिरवायचा भाग, एक फेरा फिरलं की अर्धा मिलिमीटर सरकतंय, त्याच्यावर 50 रेघा, म्हणजे एक रेघ 0.01 ची, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण स्लीव्हवर, म्हणजे आतल्या न फिरणाऱ्या नळीवर, खालच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरची बारीक रेघ उघडी झालेली असते, ती धरायची हेच राहिलं. मी परत व्हिडिओ लावून बघितला तर ती रेघ पूर्ण वेळ माझ्या अंगठ्याखाली झाकलेली होती. दोन महिन्यांचं काम, आणि नेमकं बघायचं तेच दिसत नव्हतं, फार वाईट वाटलं मला.

तेव्हापासून शूटिंगच्या आधी मी प्रत्येक व्हिडिओसाठी वहीत दोन ओळी लिहितो. हे बघून झाल्यावर पोरगं हातानं काय करेल, आणि ते कुठं चुकेल. तुमच्या बाबतीत ‘मुंढा समजेल’ असं लिहू नका, ‘36 छातीच्या ब्लाऊजचा मुंढा कागदावर काढून कापेल’ असं लिहा. आणि चुका तर तुमच्याकडं दहा वर्षांच्या साठलेल्या आहेत, तोच तुमचा खरा कोर्स आहे. माझी बहीण शहापुरात ब्लाऊज शिवते, ती सांगते की नवीन पोरी हटकून दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापतात, कारण बाहीचा पुढचा गोल आणि मागचा गोल वेगळा असतो हे कापड घडी घालताना लक्षात राहत नाही. मग एक व्हिडिओ फक्त तेवढ्याचाच करा, पाच मिनिटांचा. अशा चुकांवरून यादी केली की तीसचे बारा होतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

लांबीबद्दल म्हणाल तर 2014 मध्ये एडएक्स या ऑनलाईन कोर्सवाल्यांच्या व्हिडिओंचा एक अभ्यास झाला होता, त्यात निघालं की लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात, त्याहून लांब केला तर अर्धवट सोडतात. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल पण एकदा नक्की बघा, मराठीत आहेत, कन्नडमध्ये पण आहेत. विषय कॉम्प्युटरचे आहेत पण त्यांची पद्धत घेण्यासारखी आहे, आधी स्क्रिप्ट लिहितात, मग ती विषय न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतात, रेकॉर्डिंग त्याच्यानंतर. आणि शिकणाऱ्यानं व्हिडिओ थांबवत थांबवत शेजारी स्वतः करायचं, नुसतं बघत बसायचं नाही. तुम्ही पण मधेच सरळ सांगा, आता थांबवा, कापड घ्या, एवढी रेघ मारा मग पुढं चला.

आता आवाज. चित्र जरा कमी चांगलं असलं तरी लोक बघतात, आवाज ऐकू आला नाही की बंद करतात. आमच्या शेडला पत्रे आहेत, आणि बेळगावचा जुलैमधला पाऊस तुम्हाला माहितीच आहे, पत्र्यावर पडायला लागला की शेजारी उभ्या माणसाचं पण कळत नाही. त्यावर मी असं केलं की आधी फक्त हाताचं काम शूट करायचं, तोंडानं काही बोलायचं नाही, आणि रात्री घरी पंखा बंद करून, गाद्या-चादरी असलेल्या खोलीत कॉलर माईक लावून आवाज वेगळा भरायचा. त्याचा एक फायदा नंतर कळला, आमच्याकडं निम्मी पोरं कन्नड बोलणारी, तर त्याच चित्रावर कन्नड आवाज भरून दुसरा व्हिडिओ तयार होतो. निपाणीत तुमच्याकडं चिकोडी, संकेश्वरच्या मुली येत असतीलच, त्यांच्यातलीच एखादी जुनी विद्यार्थिनी कन्नड आवाज देईल. फक्त चित्रात मराठी अक्षरं टाकू नका, आकडे टाका, ते दोघींना चालतात.

मोबाईल समोर ठेवू नका, समोरून शूट केलं की डावं-उजवं उलटं दिसतंय आणि मुलगी गोंधळते. तुमच्या डोक्यावरून खाली बघणारा पाहिजे, म्हणजे तिला स्वतःचेच हात दिसल्यासारखं होतं. सुरुवातीला मी दोन स्टूल आणि मधे एक फळी, एवढ्यावरच भागवलं. चॉकची रेघ कॅमेऱ्यात फार पुसट येते, त्यामुळं गडद एकरंगी कापड आणि पांढरा चॉक घ्या, फुलाफुलांचं कापड शिकवायला नको.

आणि ही एक सेटिंग बघाच. मी एकदा दाराजवळ उन्हात लेथ शूट केला, चक, म्हणजे काम पकडून फिरणारा भाग, 500 आरपीएमच्या (मिनिटाला 500 फेरे) आसपास फिरत होता, आणि एक पोरगं मला म्हणालं, "सर, चक थांबलेलाच दिसूलालाय की." खरंच तसं दिसत होतं. तीन जॉचा (पकडणाऱ्या तीन दातांचा) चक 500 आरपीएमला सेकंदाला 25 वेळा तशाच जागी येतो, व्हिडिओ पण सेकंदाला 25 फ्रेमचा (चित्रांचा), आणि उन्हात मोबाईल शटर आपोआप फास्ट करतो, म्हणून प्रत्येक चित्रात चक त्याच जागी स्पष्ट दिसतो. फिरता चक थांबल्यासारखा दाखवणं म्हणजे पोराचा हात घालवणं, तो व्हिडिओ मी त्याच दिवशी काढून टाकला. आता मोबाईलच्या प्रो मोडमध्ये 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवतो, तेवढ्या वेळात चक धूसर येतो, त्यामुळं चक फिरताना फिरल्यासारखाच दिसतो, शिवाय आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळं ट्यूबलाईटखाली पट्टे पण येत नाहीत. तुमच्या मशीनच्या सुईला पण हेच लागू आहे, सुई चालू असताना थांबलेली दिसली तर नवी मुलगी बोट पुढं नेईल.

पैसे घेऊन द्यायचा असेल तर युट्यूबच्या अनलिस्टेड (शोधून न सापडणाऱ्या, फक्त लिंकवरून उघडणाऱ्या) लिंकवर विसंबू नका, ती लिंक एका व्हॉट्सअॅप ग्रुपवरून दहा ग्रुपवर जाते. पण हा प्रश्न नंतरचा. आधी बाहीचा तो एकच व्हिडिओ करा, शिलाई अजिबात न येणाऱ्या दोन मुलींना बसवून दाखवा, आणि तुम्ही शेजारी गप्प बसा. त्या जिथं थांबवून मागं नेतात ती वेळ लिहून घ्या, तेवढा तुकडा परत शूट करा. गणपतीच्या आधी तुमच्याकडं ब्लाऊजची गर्दी असणार, तेव्हा हे होणार नाही, त्याच्या अगोदरच एखादा रविवार काढा.